बंदुकीचं पाणी

मार्फत ५६ एपीओ
४ नोव्हेंबर १९६३

तीर्थरूप उस्ताद लालासाब शिकलगार यांच्या पायाशी कृष्णातचा रामराम. चमनचाचांना सलाम, सलमाला नमस्कार.

सलमा, हे पत्र तू दुकानात मोठ्यानं वाचणार हे मला ठाऊक आहे. चमनचाचांनी सकाळीच घागर भरून ठेवली असेल, कारण ती दुसऱ्या कुणी भरलेली त्यांना चालत नाही. उस्ताद त्यांच्या डाव्या हाताला बसून कानस चालवत असतील. पाच वर्षं त्या दुकानात काढली, पण ही बसायची जागा कधी बदललेली पाहिली नाही. इथं थंडीत बोटं वाकेनाशी झाली की मी डोळे मिटतो आणि पापाच्या तिकटीवरून दुकानापर्यंत चालत येतो. तेवढ्यानं ऊब येते.

उस्ताद, आता कामाचं. आमच्याकडं परदेशातून नव्या रायफली आल्या आहेत. कुठून आल्या, किती आल्या, हे लिहायची मुभा नाही. आमची पत्रं साहेब लोक वाचून पुढं पाठवतात, तेव्हा वाचणाऱ्या साहेबांनाही माझा नमस्कार. दिसायला रायफली अशा की नव्या नवरीनं तोंड बघून घ्यावं. निळी झाक, दस्त्याला तेल पाजलेलं, एक ओरखडा नाही. साहेब खूश, जवान खूश. मी आर्मरर म्हणून प्रत्येक रायफल तपासायची आणि कागदावर "ठीक" लिहून सही करायची. चार दिवसांत आटपेल असं काम आहे.

पण सही करताना हात अडतो. का अडतो ते सांगता येत नाही. बोल्ट मागं ओढला की काहींचा आवाज मला आवडत नाही, एवढंच. लान्स नायकाला आवाज आवडला नाही म्हणून सरकार माल परत पाठवत नसतं. उगाच बोभाटा केला आणि माल चांगला निघाला, तर दंडावरची फीत जाईल. आणि गप्प बसलो आणि माल वाईट निघाला, तर काय जाईल ते तुम्हाला सांगायला नको.

या रायफली आधी नेमबाजांना मिळणार आहेत. त्यात आपल्या गारगोटीकडचा सयाजी आहे, बायडाबाईंचा मुलगा. रविवारी बाजाराला आल्या की त्या तुमच्याकडं डोकावतात, तोच हा. फेब्रुवारीच्या मध्याला त्याची कंपनी वर डोंगरात जाणार आहे.

उस्ताद, परदेशी बंदुकीची पारख कशी करायची? तुम्ही मला दुरुस्ती शिकवलीत, सफाई शिकवलीत. पारख मात्र तुम्ही नेहमी स्वतःच करायचा, आणि मी विचारलं की "मग सांगतो" म्हणायचा. ते "मग" आता आलं आहे.

तुमचा,
कृष्णात

*

कोल्हापूर
१४ नोव्हेंबर १९६३

चि. कृष्णातला लालासाब शिकलगारचा दुवा.

सलमा लिहिते आहे, मी बोलतो आहे. मी बोलतो तसं लिही म्हटलं तर ती शाळेतल्या बाईसारखं सुधारून लिहिते. तेव्हा इथं कुठं गोड बोलणं आढळलं, तर ते तिचं समज.

पहिली गोष्ट, झाक बघू नकोस. झाक आम्हीच देतो. जन्मभर लोकांच्या गंजक्या तलवारी आणि बंदुका चकचकीत करून मी पोट भरलं, मला झाक काय सांगतोस? पॉलिशवाल्याची चोरी पॉलिशवाल्याला कळते. नळीवर कारखान्याचं नाव, आकडे ठोकलेले असतील, ते बघ. कोऱ्या मालावर अक्षराची कड नखाला लागते. जुना माल चाकावर धरून नवा केला असेल, तर अक्षर पसरट होतं, नख घसरतं. अक्षराची कड मेलेली आणि झाक मात्र कोवळी, असं दिसलं की समज, घोडीला रंगवून आणलंय. पण जुनी म्हणजे वाईट नव्हे, हेही ध्यानात ठेव. जुनी तर जुनी, चांगली असेल तर चांगलीच म्हणायची.

दुसरी गोष्ट, बोल्टची मूठ बघ. आडवी सरळ आहे, की खाली वाकवलेली? वाकवलेली असेल तर कारखान्यातून तशी आली, की मागाहून कुणी तापवून वाकवली? वळणाच्या आत कुठं लोखंड सुरकुतलंय का बघ.

तिसरी आणि खरी गोष्ट म्हणजे पाणी. बोल्टच्या तोंडाशी जे दोन कान आहेत, त्यांच्या कडेला बारीक कानस हलकेच लाव. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली तर पाणी शाबूत आहे. कानस चावली, तर पाणी कमी. ज्याचं पाणी कमी, ती रायफल कुणाच्या हातात देऊ नकोस. सेनापतीच्या सांगण्यावरूनही देऊ नकोस. मी हे एकदा बघितलंय.

परवा बायडाबाई येऊन गेली. काकवीची बाटली घेऊन आली होती. "लालासाब, माज्या पोराच्या हातातली बंदूक चांगली हाय न्हवं?" म्हणाली. मी म्हणालो, "कृष्णात बघतोय." ती म्हणाली, "मग बरं हाय." आणि गेली. आता तू बघ.

लालासाब

ता. क. सलमाकडून: कृष्णातदादा, अब्बा तोंडानं रागावतात, पण तुमचं पत्र त्यांनी तीनदा वाचायला लावलं. त्यांना बंदुकीवर कोरलेली अक्षरं वाचता येतात, तुमचं घाईचं वळण लागत नाही. मला बोल्ट, कान, पाणी काही समजेना. अब्बा म्हणाले, बोल्ट म्हणजे बंदुकीच्या घराचं मागचं दार, आणि कान म्हणजे त्याच्या कड्या. बार उडाला की ते दार मागं येऊ पाहतं, कड्यांनी धरून ठेवायचं असतं. लोखंड लाल करून पाण्यात विझवलं की ते कडक होतं, त्यालाच पाणी देणं म्हणतात, आणि पुन्हा तापवलं की ते पाणी उतरतं. चमनचाचा म्हणाले, "माणसाचं बी तसंच हाय. लई तापला की उतरला." त्यावर अब्बा हसले नाहीत.

*

मार्फत ५६ एपीओ
२ डिसेंबर १९६३

तीर्थरूप उस्ताद, रामराम.

तुमचं पत्र खिशात ठेवून मी एकेक रायफल हातात घेतली. अक्षरं पसरट आहेत. बहुतेक माल जुना, रंगवून नवा केलेला. त्याचं एवढं काही नाही, कारण दहातल्या नऊ रायफली आतून लोखंड म्हणावं अशा आहेत. कानस नुसती घसरते. पण दहातल्या एकीची मूठ कुणीतरी मागाहून वाकवली आहे. आडवी मूठ झाडाझुडपात अडकते, खाली वाकवली की सोयीची आणि दिसायला झोकदार. वळणाच्या आत लोखंड सुरकुतलेलं आहे, तुम्ही म्हणालात तसंच. तिथं कानस लावली तर उसाच्या कांड्यात विळा जावा तशी गेली.

मग मी अहवाल दिला, आणि पुढं जी गंमत झाली ती चमनचाचांना आधी वाचून दाखव, सलमा.

इंग्रजीत मला एवढं लिहिता येत नाही. म्हणून मी आमच्या हवालदार क्लार्कला तोंडी सांगितलं, "बोल्टला पाणी कमी आहे." तो उत्तरेकडचा. त्यानं लिहिलं, "बोल्ट में पानी कम है." तो कागद गेला क्वार्टरमास्तर साहेबांकडं. ते पार दक्षिणेकडचे, त्यांची हिंदी माझ्या इंग्रजीसारखी. दुसऱ्या दिवशी सकाळी आर्मरीच्या दारात दोन बादल्या पाणी हजर! वर चिठ्ठी, "रायफलींसाठी. आणखी लागल्यास कळवणे." आठ दिवस सगळी पलटण मला बघितलं की विचारते, "क्यों कृष्णात, तुम्हारी रायफल को प्यास लगी है?" सयाजी तर पोट धरून हसतो. त्याच्या नावाची चिठ्ठी बांधलेली रायफल त्या दहातल्या एकीत आहे, हे मी त्याला सांगितलेलं नाही.

शेवटी मेजरसाहेबांपुढं उभं राहावं लागलं. सरकारी बोल्टला विनापरवाना कानस लावली, हा आधी गुन्हा. मी म्हणालो, "साहेब, लावली." त्यांनी विचारलं, "हे कुठं शिकलास?" मी म्हणालो, "कोल्हापुरात, शिकलगारांच्या दुकानात." ते म्हणाले, "तिथं कसली मोठी यंत्रं आहेत?" मी म्हणालो, "एक भाता, एक ऐरण आणि एक उस्ताद." त्यांना हसू आलं, पण माणूस न्यायाचा. माझ्याच हातानं त्या रायफलींतली एक निवडायला लावली. मी सयाजीचीच निवडली. ती जुन्या टायरला आवळून बांधली, चापाला दोरी लावली आणि लांबून बार काढले. बारा गोळ्या, उस्ताद. बाराही व्यवस्थित सुटल्या. काही झालं नाही.

साहेब म्हणाले, "दहा जानेवारीपर्यंत पुरावा आण. नाहीतर या रायफली वाटल्या जातील, आणि कानशीबद्दल जे व्हायचं ते होईल." आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही. कदाचित कानस खोटी असेल. कदाचित परदेशी लोखंडाची रीत वेगळी असेल.

तुम्ही लिहिलंत, "मी हे एकदा बघितलंय." कुठं बघितलंत? काय बघितलंत? ते कळलं तर माझ्या पायाखाली जमीन येईल.

तुमचा,
कृष्णात

*

कोल्हापूर
१२ डिसेंबर १९६३

कृष्णात,

हे मी माझ्या हातानं लिहितो आहे. सलमा शाळेत आहे, चमन गंगावेशीला गेलाय. माझ्या अक्षराला हसू नकोस. मला अक्षरं कोरता येतात, लिहिता येत नाहीत. हे एवढं लिहायला मला दोन दिवस लागले.

तुझ्या दोन बादल्यांवर इथं सगळे हसले. चमनला ठसका लागला. मी हसलो नाही.

सन सदतीस. एका जहागीरदारानं परदेशी लष्करी रायफल आणली होती. मूठ आडवी. शिकारीला अडचण होते, खाली वाकवून द्या म्हणाला. मूठ वाकवायची तर तापवावी लागते. तापवताना बोल्टच्या तोंडाला ओलं फडकं गच्च गुंडाळायचं आणि ते सारखं भिजवत राहायचं, म्हणजे आच कानांपर्यंत जात नाही. हे मला बापानं शिकवलं होतं. त्या दिवशी फडकं भिजवायला गेलो, तर घागर कोरडी. नळ चौकात. भाता पेटलेला, लोखंड लाल व्हायला आलेलं, जहागीरदाराचा माणूस दारात बसलेला. मी उठलो नाही. एवढ्यानं काय होतंय म्हणालो. कोरडंच फडकं गुंडाळलं. ते जळालं. मी मूठ वाकवली, झाक दिली. अशी झाक दिली की जहागीरदाराच्या माणसानं तोंडात बोट घातलं.

दुसऱ्या दिवशी कळंब्याच्या माळावर ती तपासायला चमननं उडवली. हौस त्याला होती, वय एकोणीस. पंधरा-वीस बार चांगले गेले. मग एक गेला तो मागं आला.

काडतूस खराब होतं, असं मी सांगितलं. जहागीरदाराला, आमच्या आईला, डॉक्टरला आणि चमनला. सव्वीस वर्षं तेच सांगतो आहे. तुलाही तेच सांगितलं. मी त्याच्या डाव्या हाताला बसतो ते उगाच नाही. उजवीकडं बसलो की त्याच्या डोळ्याची ती रिकामी खाच दिसते. पारख तुला शिकवली नाही, कारण शिकवली असती तर तू विचारलं असतंस, तुम्ही हे कधी चुकलात का.

आता काम ऐक. बारा गोळ्यांनी काही होत नाही. पाणी उतरलेला कान एकदम मोडत नाही, तो दर बाराला केसभर दबतो. दार केसभर सैल होतं. त्या सैलपणात काडतूस ताणलं जातं. ती बारा रिकामी काडतुसं कुठं आहेत? शोध. चिंचेनं घास. बुडाच्या जरा वर, पितळेत एक चमकती रेघ गोल फिरलेली दिसेल. पहिल्यात कमी, बाराव्यात जास्त. चांगल्या रायफलीची बारा काडतुसं शेजारी मांड. त्यांत तशी वाढणारी रेघ दिसणार नाही. कळंब्याच्या माळावरची काडतुसं मी मागाहून एकटा जाऊन वेचली होती. ती अजून माझ्या पेटीत आहेत.

हे कुणालाही ठाऊक नाही. तुला सांगितलं कारण सयाजीला दोन डोळे आहेत.

लालासाब

*

मार्फत ५६ एपीओ
१० जानेवारी १९६४

तीर्थरूप उस्ताद, तुमच्या पायावर डोकं ठेवून हे लिहितो आहे.

काडतुसं सापडली. भंगाराच्या पोत्यात गेली होती, दोन दिवस बसून निवडली. चिंच इथं कुठली मिळणार? लंगरमधून लिंबाची सालं आणली, राख आणली आणि घासली. मेजरसाहेबांच्या टेबलावर सयाजीच्या रायफलीची बारा ओळीनं मांडली, खाली चांगल्या रायफलीची बारा. साहेबांनी भिंग काढलं. पहिल्या काडतुसापासून बाराव्यापर्यंत रेघ कशी वाढत गेली ते बघितलं, पुन्हा उलटं बघत आले. मग म्हणाले, "तीच रायफल पुन्हा बांधा. आणि माणसाचं तोंड असतं त्या जागी काहीतरी ठेवा."

लंगरमधलं मातीचं मडकं ठेवलं. तेराव्या गोळीपासून मोजायला सुरुवात केली. वीस गेल्या. पंचवीस गेल्या. क्वार्टरमास्तर साहेब घड्याळ बघायला लागले. एकतिसाव्या बाराला आवाज वेगळा आला. जवळ गेलो तर काडतूस बुडाशी फाटलेलं, दस्त्याला चीर, आणि मडक्याला उजव्या अंगाला रुपयाएवढं भोक.

सयाजी माझ्या मागंच उभा होता. त्यानं पुढं होऊन त्या भोकात बोट घालून बघितलं. मग म्हणाला, "कृष्णादा, मडकं माज्याच मापाचं व्हतं की रं." त्यानं खाली बसून माझ्या बुटांना हात लावला. मी म्हणालो, "अरे येड्या, माझ्या नको, कोल्हापूरला जाऊन लाव."

वाकवलेल्या मुठीच्या सगळ्या रायफली बाजूला काढल्या. बाकीच्यांवर मी "ठीक" लिहून सही केली, आणि खाली साहेबांच्या परवानगीनं एक ओळ जास्त लिहिली, की माल जुना असला तरी लोखंड उत्तम, जवानांनी निर्धास्त वापरावा. झाकेला भुलून चांगलं म्हणायचं नाही, आणि रंगवलेलं दिसलं म्हणून वाईटही म्हणायचं नाही, हे तुमचंच. क्वार्टरमास्तर साहेबांनी माझ्याशी हात मिळवला आणि त्या दोन बादल्या आर्मरीला कायमच्या देऊन टाकल्या. माझी फीत शाबूत आहे. मेजरसाहेबांनी तुमचं पूर्ण नाव विचारून वहीत लिहून घेतलं. "शिकलगार" कसं लिहायचं ते मी त्यांना अक्षर अक्षर सांगितलं.

उस्ताद, तुमचे आभार कुठून मानायला सुरुवात करू? मला कानस धरता येत नव्हती तेव्हा माझ्या हातावर हात ठेवून तुम्ही ती धरायला लावलीत, तिथून मानू? की या पत्रापासून? तुम्ही गप्प बसला असतात तर तुमचं काही बिघडलं नसतं. सव्वीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट तुम्ही परक्याच्या पोराच्या डोळ्यांसाठी बाहेर काढलीत. तेव्हा माझं एक ऐका. ते कोरडं फडकं आता खाली ठेवा. कळंब्याच्या माळावर तुमच्या हातून एक डोळा गेला असेल, पण इथं किती वाचले ते मोजा. चमनचाचांना तुम्ही काडतुसाचं सांगितलंत, ते दुःखापोटी सांगितलंत. त्यांना खरं कळलं तरी ते तुम्हाला काही म्हणणार नाहीत, एवढं मी पाच वर्षांत त्यांना ओळखलं आहे.

सयाजीला वर जाण्याआधी, महिनाअखेरीस, आठ दिवसांची रजा मिळाली आहे. तो गावी आला की दुकानात येईल.

तुमचा जन्माचा ऋणी,
कृष्णात

ता. क. उस्ताद, हे पत्र सलमाकडून वाचून घेऊ नका. तुम्हाला लागावं म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढलं आहे, एकट्यानंच वाचा.

*

कोल्हापूर
२ फेब्रुवारी १९६४

प्यारे कृष्णात, चमनचाचाचा सलाम.

अरे शहाण्या, "एकट्यानं वाचा" हे पत्राच्या शेवटी लिहितात होय? सलमा बिचारी वरून वाचत आली. मडक्याला भोक पडलं तिथं मी टाळी वाजवली. मग ती वाचत गेली, वाचत गेली, "कोरडं फडकं" आलं, "कळंब्याचा माळ" आला, माझं नाव आलं, आणि तिचा आवाज बारीक झाला. भाईच्या हातातली कानस थांबली. सलमानं ता. क. वाचलं तेव्हा आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत होतो.

आता मी सांगतो ते ती लिहिते आहे, आणि मधेमधे नाक पुसते आहे. कागदावर डाग दिसला तर तो तिचा.

भाई उठला आणि दुकानाच्या बाहेर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा म्हातारा रंकाळ्याकडं तोंड करून चालू लागतो. मी म्हणालो, "भाई, आत ये." तो येईना. मग मी मोठ्यानं म्हणालो, "भाई, घागर भरायचं काम कुणाचं व्हतं?"

सारा रस्ता बघायला लागला. पण तुला सांगतो कृष्णात, हे मला सव्वीस वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं. त्या दिवशी घागर भरायचं काम माझं होतं. रोज माझंच असायचं. खासबागेत कुस्त्या होत्या. मी घागर चौकात नळाखाली ठेवली, पाण्याला जोर नव्हता. थांबलो तर कुस्त्या चुकणार. तशीच कोरडी उचलून आत आणून ठेवली आणि पळालो. भाईला सांगितलं नाही. संध्याकाळी येऊन बघितलं तर फडकं जळून कोळसा झालेलं आणि मूठ वाकलेली. मी शिकलगाराचा पोरगा आहे, मला कळलं नसेल होय? दुसऱ्या दिवशी कळंब्याला रायफल मी खांद्याला लावली, ती हौसेपायी नव्हे. भाईनं स्वतः लावू नये म्हणून लावली. पंधरा बार चांगले गेले तेव्हा वाटलं, देवानं वाचवलं.

दवाखान्यात पट्टी बांधलेली असताना भाई म्हणाला, "काडतूस खराब व्हतं." मला वाटलं, मी घागर भरली नाही हे याला कळलंय, आणि मला लाज वाटू नये म्हणून हा काडतुसाचं सांगतोय. मी मनात म्हणालो, काय भाऊ दिलाय अल्लानं. आणि गप्प बसलो. तेव्हापासून घागर मी कुणाला भरू दिली नाही. तूच नव्हतास का एकदा हट्टानं भरायला गेलास, आणि मी तुझ्यावर खेकसलो? ते हे.

म्हणजे बघ, तो समजत होता मला ठाऊक नाही, मी समजत होतो त्याला ठाऊक आहे. सव्वीस वर्षं एका पाटाएवढ्या अंतरावर बसून दोघांनी हे केलं. अक्कल वाटत होते तेव्हा आम्ही शिकलगार बहुतेक पॉलिश करत बसलो होतो.

मी हे सगळं रस्त्याला ऐकू जाईल असं बोललो. भाई आत आला. माझ्या डाव्या हाताला त्याची जागा आहे, ती ओलांडून तो उजवीकडं येऊन बसला. माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, ती खाच बघितली आणि विचारलं, "दुखतंय काय रं?" मी म्हणालो, "थंडीत जरा खाजतंय." मग आम्ही दोघं रडलो, आणि सलमा चहा करायला गेली, कारण तिला दुसरं काही सुचेना.

परवा सयाजी आला. संगं बायडाबाई आली, काकवीच्या दोन बाटल्या आणि शेंगांचं पोतं घेऊन. तिनं पोराला माझ्यासमोर उभं केलं. "बघा की चमनभाऊ, दोन्ही हाईत," म्हणाली. मी बघितले. लई चांगले डोळे आहेत, कृष्णात, काळेभोर. आता वर बर्फात त्यांची काळजी घे म्हणावं. भाईनं पेटीतून कळंब्याची काडतुसं काढून सयाजीला दाखवली. रेघ कुठं बघायची ते शिकवलं, आणि "आता ही पेटीत ठेवायचं कारण न्हाय," म्हणून मोडीत टाकली. बायडाबाई जाताना भाईच्या पाया पडायला वाकली, तर भाई दोन पावलं मागं सरला. म्हणाला, "बाई, मीच आभारी हाय."

तुलाही तेच म्हणायचं आहे. तू जर अक्कलवान असतास आणि ती सूचना पत्राच्या वर लिहिली असतीस, तर आम्ही दोघं भाऊ असेच गप्प राहून मातीत गेलो असतो. तुझ्या त्या वेंधळेपणाला अल्ला उदंड आयुष्य देवो. रजा मिळाली की ये. पारख आता भाई तुला समोर बसवून शिकवणार आहे, आणि मी कुठं चुकलो ते मधेमधे सांगणार आहे.

एक सांगायचं राहिलं. आज सकाळी दुकान उघडायला आलो तर फळ्या आधीच काढलेल्या. भाई माझ्या आधी आला होता. मी सवयीनं घागर उचलायला गेलो, तर ती जड लागली. काठोकाठ भरलेली होती, आणि भाईचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं.

तुझा,
चमनचाचा